मला विचारायला या

चोवीस वर्षं ज्या माणसाच्या घरात नांदली, ज्याच्या पोरीची आई झाली, त्याच माणसाशी लग्न करायला सुंदराने नाही म्हटलं, आणि तेही चार माणसांत उभं राहून. गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. खर्डी स्टेशनापासून रिक्षाने अर्धा तास गेलं आणि पुढे ओढा ओलांडून चाललं की करवंदपाडा लागतो. तीस-पस्तीस घरांचा पाडा. दुपारच्या भाकरीआधी बातमी घरोघरी पोचली. कोणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, या वयात हिला काय नखरे सुचले. खरं कारण त्या दिवशी तिघांनाच ठाऊक होतं: सुंदराला, धाकलूला आणि पास्टर भगीरथला.

सुंदरा दिसायला ठेंगणी, अंगाने काटक. बोलते कमी. पण आवणीला चिखलात उतरली की भाताची रोपं अशी लावते की बांधावरून पाहणाऱ्याला वाटावं, सुतळी धरून लावलीत. आसपासचे शेतकरी मजुरीला बायका बोलवायला येतात तेव्हा आधी विचारतात, "सुंदरा येणार ना?"

तिच्या तरुणपणीची एक गोष्ट पाड्यावरच्या बायका अजून सांगतात. विशी नुकती ओलांडलेली, लेक कुणाली पोटात, आणि धाकलूबरोबर ती वीटभट्टीवर कामाला गेली होती. तिथल्या मुकादमाने विटांच्या थप्पीआड तिचा हात धरला. सुंदराच्या दुसऱ्या हातात विटांच्या साच्यात भरायचा मातीचा गारा होता. तो तिने मुकादमाच्या तोंडावर थापला, आणि सगळी भट्टी ऐकेल अशा आवाजात ओरडली, "याच्या डोळ्यात घाण गेलीय, धुवा कोणीतरी!" त्याच संध्याकाळी तिने धाकलूला सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाकीच्या बायका म्हणाल्या, नवऱ्याला कशाला सांगितलंस, उगाच संशय घेईल. सुंदरा म्हणाली, "लपवू कशाला? मी काय केलंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी बोचकी बांधली आणि ती भट्टी सोडली.

धाकलूकडे ती आली एकोणीस वर्षांची असताना. पाड्याची रीत अशी की पोरगा-पोरगी एकमेकांच्या डोळ्यांत भरली आणि दोन्ही घरांनी मान डोलावली, की पोरगी नांदायला येते. हळद, मांडव, गावजेवण हे जमेल तेव्हा. कोणाचं दोन वर्षांनी जमतं, कोणाचं पोरांच्या मांडवातच आईबापाचंही उरकून घेतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. धाकलूची आई मुरबाडकडे सुंदराच्या बापाच्या घरी गेली, दोन म्हाताऱ्यांचं बोलणं झालं, आणि आठ दिवसांनी सुंदरा डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन करवंदपाड्यावर आली. धाकलू तिला आवडला होता. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मांडव काही झाला नाही. एका वर्षी सासरा गेला, एका वर्षी भात गेलं, मग कुणाली झाली आणि विषयच मागे पडला.

सहा वर्षांपूर्वी सुंदरा येशूच्या मार्गाला लागली. एका उन्हाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली होती. ओढ्यापलीकडे राहणारे पास्टर भगीरथ आणि त्यांची बायको समीक्षा यांची तेव्हा नुसती तोंडओळख होती. समीक्षाताई रोज येऊन तिला पेज भरवायची, केस विंचरायची आणि उशाशी बसून प्रार्थना करायची. औषध तालुक्याच्या डॉक्टरचं चाललं होतंच. पण सुंदरा उठून बसली ती त्या प्रार्थनेतला देव कोण, हे विचारतच. धाकलू या वाटेला दोन वर्षांनी आला. आधी त्याची दारू सुटली, मग तो रविवारी पास्टरच्या पडवीत मागे, दाराशी बसायला लागला, आणि हळूहळू पुढे सरकला. आता अकरा घरांची मंडळी तिथे जमते.

गेल्या ज्येष्ठात पास्टरांनी लग्नाचा विषय काढला. मंडळीत तीन जोडपी अशी होती की संसार झाला होता, लग्न नव्हतं.

"तुमच्या रीतीला मी नावं ठेवत नाही," पास्टर म्हणाले. "माझ्या आईबापाचंही असंच होतं. पण देवासमोर उभं राहून एकमेकांना शब्द देणं ही वेगळी गोष्ट आहे. हिच्याशिवाय दुसरी नाही, याच्याशिवाय दुसरा नाही, शरीरानेही नाही आणि मनानेही नाही, मरेपर्यंत. हा शब्द तोंडाने उच्चारावा लागतो. आवणी झाली की मुरबाडहून मोठे पाळक येतील आणि तिन्ही लग्नं लावतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुंदराही खूश झाली. घरी येताना ती धाकलूला म्हणाली, "आता कुणालीच्या आधी आपलं." धाकलू हसला नाही. त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं. सुंदराला वाटलं, पोटाचं काही असेल.

आषाढात त्यांच्या तुकड्यात आवणी चालू होती. दोघंच होती. दुपारी पाऊस जरा थांबला, तशी सुंदरा रोपांच्या जुड्या घ्यायला बांधाकडे आली. धाकलू बांधावर बसला होता. पाय चिखलात, हात मांडीवर.

"सुंदरा, बस जरा. एक बोलायचंय."

"अर्धं खाचर राहिलंय. बोला, मी ऐकते."

"बस गो."

ती बसली. त्याने तिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. बारा वर्षांपूर्वी कुणालीला टायफॉइड झाला होता म्हणून सुंदरा पाड्यावर राहिली आणि तो एकटा भिवंडीकडच्या भट्टीवर गेला. तिथे एक बाई होती, घाटावरून आलेली, नवऱ्याने टाकलेली. होळीपासून पावसाच्या आधीपर्यंत, जवळजवळ तीन महिने, तो तिच्या झोपडीत राहिला. मग हंगाम संपला आणि तो घरी आला.

"पास्टर विचारणार," धाकलू म्हणाला, "आणि मी म्हणणार, तुझ्याशिवाय कोणाचा नाय. आणि तुला वाटणार, हा पयल्यापासून असाच होता. तोंडात खोटं धरून देवाच्या पुढं कसा उभा राहू? कालच पास्टरना सांगितलं. ते म्हणाले, मला सांगून काय, तिला सांग."

सुंदरा उठली, रोपांची जुडी उचलली, आणि राहिलेलं अर्धं खाचर एकटीने लावून काढलं. धाकलू हात लावायला आला तेव्हा ती म्हणाली, "तुमी तिथंच बसा." शेवटच्या ओळीपर्यंत एक रोप वाकडं गेलं नाही. मग तिने ओढ्यावर हातपाय धुतले, बांधावर परत आली आणि म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत." एवढंच. त्या रात्री तिने आपली वाकळ कुणालीच्या खोलीत नेली.

आणि पुढच्या रविवारी, पास्टर तिन्ही जोडप्यांची नावं वाचून तारीख सांगायला लागले, तेव्हा सुंदरा उभी राहिली. "माझं नाव काढा. मी नाय करणार."

उपासना संपल्यावर पास्टर आणि समीक्षाताई तिला घेऊन बसले. धाकलू अंगणात उभा होता.

"सुंदराताई," पास्टर म्हणाले, "दुखणं मोठं आहे, मला कळतंय. पण आपल्याला क्षमा करायला शिकवलंय ना?"

"माफ केलं की," सुंदरा म्हणाली. "त्याच दिवशी, चिखलात. रोप लावता लावता केलं. माफी माझ्या एकटीची होती, ती मी देऊन टाकली. पण लगीन माफीत येत नाय, पास्टरदादा. लगीन म्हणजे शब्द. यांचा शब्द किती दिवस टिकतो ते मला कुठं ठाऊक हाय?"

पास्टर मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी घाई केली." सुंदराला पास्टरांबद्दल जो आदर वाटतो, त्यातला बराचसा या एका वाक्यामुळे वाटतो.

घरी गेल्यावर तिने धाकलूला पडवीत बसवलं आणि आपलं म्हणणं सांगितलं. "मी नथूकडं जाते. भांडून नाय चालले. पाड्यावर कोणी विचारलं तर सांगा, भावाकडं आवणीला गेलीय. चोवीस वर्षांमागं मी तुमच्या दारात आले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळेला तुमी मला विचारायला या. लगेच नाय. दर रविवारी या, पडवीत बसा, बोला, उजेडात परत जा. आत यायचं नाय, हात लावायचा नाय. भात कापणीला आलं की विचारा. तेव्हा मी सांगेन."

"आणि तू नाय म्हणालीस तर?"

"तर नाय. पोरीला विचारल्यावर पोरगी नाय म्हणू शकते."

नथू हा सुंदराचा थोरला भाऊ. सरळगाव सोडून माळशेजच्या वाटेला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी त्याचं घर. तो मंडळीतला नाही. त्याचे देव वेगळे आहेत आणि बहिणीच्या देवाबद्दल तो कधी वाकडं बोललेला नाही. सगळं ऐकल्यावर तो मात्र तापला. "चल, पंच बसवू. चार गावांत त्याचं तोंड काळं करू."

"त्याचं तोंड काळं करून मला काय मिळणार?" सुंदरा म्हणाली. "दादा, मला राहायला जागा दे. बाकी मी बघते."

पहिल्या रविवारी धाकलू आला. खर्डीहून लोकलने आसनगाव, शहापूर स्टँडवरून एसटीने किन्हवली, पुढे सरळगाव, तिथून जीप. सकाळची उपासना करून निघालेला माणूस दोन वाजता पोचला. स्वच्छ शर्ट, तेल लावून बसवलेले केस. नथू पडवीत विडी ओढत होता. त्याने वर बघितलं आणि कुचकट आवाजात विचारलं, "काय दाजी, पोरगी बघायला आले काय?"

धाकलू उभ्या उभ्या म्हणाला, "हो."

नथूची विडी हातातच राहिली. सुंदरा आत चुलीपाशी होती. तिला हसू आलं ते तिने पदरात दाबलं आणि चहाला आधण ठेवलं.

त्या दिवशी धाकलू तासभर बसला आणि पाऊस, गुरं आणि कुणालीची कंपनीतली ड्युटी यापलीकडे काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी रानातून काढलेली कर्टुली घेऊन आला, पानात बांधून. सुंदराने ती भावजयीकडे दिली. "पाहुण्यांनी आणलीत," म्हणाली.

श्रावण लागला. बोलणं हळूहळू मोकळं व्हायला लागलं. चोवीस वर्षांत ही दोघं समोरासमोर बसून अशी कधी बोलली नव्हती. कामाचं बोलायचं, पोरीचं बोलायचं, आणि दिवस जायचे. आता काम नव्हतं. समोर माणूस होता आणि तासभर वेळ होता. धाकलूने तिला सांगितलं की त्याला अंधाऱ्या विहिरीची लहानपणापासून भीती वाटते. सुंदराला हे माहीतच नव्हतं, आणि तिने इतकी वर्षं त्याला विहिरीत पडलेली बादली काढायला उतरवलं होतं. ती म्हणाली, "सांगायचं नाय का?" तो म्हणाला, "तू हसली असतीस." ती खरंच हसली.

एका रविवारी तिने विचारलंच. "ती बाई आता कुठं असते?"

"ठाऊक नाय."

"तुमी आलात तेव्हा तिला काय सांगून आलात?"

धाकलूने मान खाली घातली. "काय नाय. पहाटेचा टेम्पो मिळाला, तसा आलो. मला वाटायचं, कामाच्या गावची गोष्ट, ती कामाच्या गावात राहते."

 इतके दिवस त्या बाईचा विचार मनात आला की सुंदरा तो झटकून टाकायची. आज पहिल्यांदा तिला ती बाई दिसली. सकाळी उठलेली, झोपडीच्या दारात उभी, टेम्पो गेलेल्या रस्त्याकडे बघणारी.

"तिला आधीच एकानं टाकली होती," ती म्हणाली. "तुमी दुसरे. माझ्याशी खोटे वागलात ते वागलात, तिच्याशीबी वागलात. हे तुमच्या कधी मनात आलं?"

"नाय," धाकलू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बांधावर सांगताना आलं नव्हतं ते आता आलं. नथू गोठ्याकडे निघून गेला. सुंदराने धाकलूला गप्प केलं नाही. रडून झाल्यावर तिने तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "आता जाता जाता तिच्यासाठी प्रार्थना करा. रोज करा. मी पण करते."

ती खरंच करते. आजही, सकाळच्या प्रार्थनेत, नाव न घेता.

इकडे करवंदपाड्यावर धाकलूचं हसं चाललं होतं. चाळीशी उलटलेला माणूस दर रविवारी केस विंचरून बायकोला बघायला जातो, ही गंमत काही लहान नव्हती. त्याचा धाकटा भाऊ मंगळू याने तर भाद्रपदात दुसरीच सोय बघितली. शेजारच्या पाड्यावर एक बाई होती, नवरा वारलेला, अंगापिंडाने धड, कामाला वाघ. मंगळू तिच्या घरी बोलून आला आणि धाकलूला म्हणाला, "वहिनी काय परत येत नाय. हिला उद्या आणू. भाकरी थापायला घरात बाई नको का?"

धाकलू त्या वेळी कोयत्याला धार लावत होता. तो म्हणाला, "भाकरी मला येतात. आणि माझं लगीन ठरलंय."

"कुठं ठरलंय? तिनं हो म्हटलंय?"

"तिनं हो नाय म्हटलं अजून. माझं ठरलंय."

हे कुणालीने ऐकलं आणि त्याच संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. सुंदराने दोनदा विचारलं, "कसं म्हणाले? परत सांग." फोन ठेवल्यावर ती मागच्या दाराला जाऊन उभी राहिली.  आपला माणूस आहे हा, असं तिला वाटलं, आणि या वाटण्यात चोवीस वर्षांत कधी नव्हतं असं काहीतरी होतं.

त्याच महिन्यात एका रविवारी धाकलू आला नाही. दोन दिवस पाऊस धो धो कोसळत होता. सुंदरा दोन वाजल्यापासून रस्त्याकडे बघत होती. चार वाजले, पाच वाजले. भावजय म्हणाली, "नाय येत आता, पुलावरून पाणी असणार." सुंदरा म्हणाली, "मी कुठं वाट बघतेय?" आणि पुन्हा दारात गेली. फोन लागत नव्हता. सोमवारी सकाळी आठ वाजता अंगणात धाकलू उभा. शर्ट अंगावरच वाळलेला, चपला हातात. रात्रभर सरळगावच्या स्टँडवर अडकला होता आणि पाणी उतरल्यावर चालत आला होता. पडवीच्या पायरीखाली थांबून त्याने विचारलं, "रविवार गेला. आज बसू का?"

"बसा," सुंदरा म्हणाली. आणि तिने आतून कोरडा टॉवेल आणून खांबावर टाकला. हातात दिला नाही. पण टाकला.

कुणालीचंही याच दिवसांत एक झालं. ती आसनगावला पॅकिंगच्या कंपनीत कामाला जाते. तिथला जीवन नावाचा मुलगा तिला पसंत होता. चांगला, कष्टाळू. त्याने आसनगावला खोली घेतली आणि म्हणाला, "ये राहायला. लग्न पुढच्या वर्षी करू."

"आधी लग्न, मग खोली," कुणाली म्हणाली.

"तुझ्या आईबापाचं तरी कुठं झालंय?"

"म्हणूनच सांगते," कुणाली म्हणाली. "माझी आई चोवीस वर्षांनी जे मागतेय, ते मी आधीच मागून घेणार."

दसऱ्याच्या सुमारास जीवनचं दुसरीकडे जमलं. कुणालीने मामाच्या घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि खूप रडली. सुंदराने उपदेश केला नाही. डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "रड. मग जेव." जेवताना कुणाली म्हणाली, "आये, मी चुकले नाय ना?" सुंदरा म्हणाली, "तू चुकली असतीस तर मी तुला बोंबील वाढले असते का?" पोरगी रडता रडता हसली.

हळवं भात पिवळं झालं. आश्विनातल्या एका रविवारी नथूच्या अंगणात चार माणसं आली: पुढे धाकलू, त्याच्यामागे पास्टर भगीरथ आणि समीक्षाताई, आणि सगळ्यात मागे, डोक्याला रुमाल बांधलेला मंगळू. हसणाऱ्यांत जो पहिला होता, तोच भावाच्या बाजूने बोलणी करायला आला होता.

नथूने घोंगडी अंथरली. पाणी झालं, चहा झाला. मग धाकलू उभा राहिला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "दादा, तुमची बहीण मला द्या."

नथूने एकदा बहिणीकडे पाहिलं. चार महिन्यांपूर्वी पंच बसवायला निघालेला हा माणूस आता शांतपणे म्हणाला, "देणारा मी कोण? तिला विचार."

धाकलू वळला. सुंदरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"सुंदरा, माझ्याशी लगीन करशील काय?"

 सुंदरा दोन पावलं पुढे आली. "मी भट्टीवर होते, शेतावर होते, मजुरीला गावोगाव गेले. माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघणारे होते. मी कोणाच्या वाटेला गेले नाय आणि कोणाला येऊ दिलं नाय. मी शब्द द्यायच्या आधीच तो पाळलाय. तुमी दिल्यावर तरी पाळाल काय?"

"पाळीन," धाकलू म्हणाला. "एकटा असलो तरी पाळीन. परगावी असलो तरी पाळीन. आणि मन घसरलं तर तुझ्यापासून लपवणार नाय."

"मग हो," सुंदरा म्हणाली.

मंगळूने रुमाल काढून डोळे पुसले आणि दुसरीकडे बघून म्हणाला, "या घरात धूर फार होतो."

कापणी उरकल्यावर, मळणीच्या आधी, पास्टरांच्या अंगणात मांडव पडला. बाकीच्या दोन जोडप्यांची लग्नं श्रावणातच झाली होती, त्यामुळे हा दिवस या दोघांचाच. समीक्षाताईने सुंदरासाठी पांढरी साडी आणली, बारीक जरीची. ती बघून पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. एकीला पांढरा रंग अशुभ वाटत होता. दुसरी म्हणाली, पांढरं म्हणजे कोऱ्या पोरीनं नेसायचं, हिला एकवीस वर्षांची लेक आहे. समीक्षाताईने ऐकलं आणि जरा चाचरत म्हणाली, "हवी तर पिवळी आणते, सुंदराताई."

सुंदराने साडी अंगाला लावून बघितली. "पांढरीच नेसणार. हिच्यावर डाग दिसतो म्हणून लोक घाबरतात ना? बघू देत."

आणि ती त्या साडीत मांडवात आली तेव्हा त्याच दोन म्हाताऱ्या पुढे बसून डोळे भरून बघत होत्या. मुरबाडच्या पाळकांनी विचारलं, आणि धाकलूने एवढ्या मोठ्याने उत्तर दिलं की मागे बसलेली पोरं दचकली. सुंदराचा आवाज हळू होता, पण एकही शब्द अडला नाही. नथू पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला होता. बहिणीच्या देवाची प्रार्थना त्याला येत नव्हती, म्हणून बाकीचे डोळे मिटून होते तेव्हा तो डोळे उघडे ठेवून ताठ बसून राहिला, जणू कोणी विघ्न आणू नये म्हणून पहाराच देत होता.

घरी आल्यावर कुणालीने दार अडवलं. "नाव घेतल्याशिवाय आत नाय सोडणार." सुंदरा लाजली. मग म्हणाली:

"तानसाचं पाणी जाई मुंबईच्या घरोघरी,
धाकलूचं नाव घेते, देवासमोर झाले नवरी."

पाड्याने टाळ्या वाजवल्या. ज्या घराचा उंबरा तिने हजारो वेळा ओलांडला होता, तो तिने त्या दिवशी उजवं पाऊल टाकून ओलांडला.

माघात एका भट्टीच्या मुकादमाचा धाकलूला निरोप आला. धाकलूने सांगितलं, आलो तर जोडीने येऊ, एकटा येणार नाही. मुकादमाला एकटा माणूस हवा होता. धाकलू गेला नाही. मुरबाडच्या रस्त्याला गवताच्या वखारीत त्याला काम मिळालं. पहाटे जातो आणि संध्याकाळी घरी येतो.

परवा दोघं काही कागदासाठी शहापूरला गेली होती, कुणाली बरोबर होती. खिडकीमागच्या तरुण बाईने फॉर्म भरता भरता विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

धाकलू सुंदराकडे बघायला लागला. सुंदरा म्हणाली, "पाच महिने."

बाईने पेन थांबवलं. आधी सुंदराकडे बघितलं, मग धाकलूच्या पांढऱ्या कानशिलांकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या कुणालीकडे. काही विचारावं की नको, तिला कळेना.

सुंदराने काही खुलासा केला नाही. पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "लिहा बाय. बरोबर सांगितलंय."